डाव्या तळहाताखाली

१

त्या दिवशी लातूरवर धुई उतरली होती. पौषाचा महिना, सकाळचे साडेनऊ होऊन गेले तरी उन्हाचा पत्ता नव्हता. क्लासच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी मोठमोठ्या पाट्या, त्यांच्यावर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींचे हसरे चेहरे. पण धुईनं ते पार पुसून टाकले होते, मार्कांचे आकडे तेवढे राहिले होते. रिक्षात बसलेल्या चंद्रप्पाच्या मनात आलं, असं हवामान चार दिवस राहिलं तर करडीवर माव्याची कीड पडते. मग त्याचं त्यालाच हसू आलं. घाणा मोडून एकोणतीस वर्षं झाली. मावा पडला काय न् न पडला काय.

चंद्रप्पा सत्तरीच्या पुढचा. किल्लारीच्या अंगाला एका गावात त्याचा करडीच्या तेलाचा घाणा होता, देवणी बैलावर चालणारा. भूकंपात गाव गेलं, घाणा गेला, बायको गुरम्मा गेली. दहा वर्षांचा मुलगा उमाशंकर तेवढा उदगीरला मामाकडे होता म्हणून राहिला. तोच उमाशंकर आता लातूरच्या एका क्लासात जीवशास्त्र शिकवतो. त्याची बायको अंबिका कचेरीत आहे. दोघं सकाळी बाहेर पडले की घरात म्हातारा एकटा.

दिवाळीच्या आधी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पाय काठीवर आला, पण डावा हात राहिला तो राहिलाच. मूठ आवळलेली, छातीशी धरलेली. उजव्या हातानं एकेक बोट सोडवावं तर तेवढ्यापुरतं सुटायचं, सोडलं की परत मिटायचं.

दुसरा कुणी म्हणाला असता, डावाच तर आहे. पण चंद्रप्पा लिंगायत माणूस. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं भस्म, पाणी, बेल वाहायचा, नजर लिंगावरून हलू द्यायची नाही, आणि मग घास घ्यायचा. जाणत्या वयापासून हे एक दिवस चुकलं नव्हतं. आता तळहातच उघडत नव्हता. मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं, पाटावर ठेवा, चालतं. तो ठेवायचा. पण पाटावरचं लिंग त्याला परक्याच्या दारी बसवलेल्या लेकरासारखं वाटायचं, आणि ताटातल्या भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहायचा. तो कुणाला बोलला नाही, फक्त दिवसेंदिवस कमी जेवू लागला. उमाशंकरनं अंगावरचा सदरा सैल झालेला पाहिला आणि चौकशा सुरू केल्या.

म्हणून ही रिक्षा, म्हणून हे रोजचं येणं.

२

जागा दुसऱ्या मजल्यावर होती. खाली पहिल्या मजल्यावर क्लास. सरांचा माइकवरचा आवाज फरशीतून वर यायचा, शब्द कळायचे नाहीत, नुसती घरघर. वर एक पांढरी खोली, एक खुर्ची, आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला ते यंत्र. संशोधनाचं काम होतं, मोठ्या शहरातल्या कुठल्यातरी विद्यापीठाचं. ते चालवायची मृण्मयी. नांदेडच्या मास्तरांची मुलगी, चष्मेवाली, कमी बोलणारी. ती त्याला आजोबा म्हणायची. तो पहिल्या दिवशी मॅडम म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून लेकी.

यंत्र म्हणजे लोखंडी हातच. कोपर आणि मनगट पट्ट्यांनी त्यात बांधायचं, मग तो आपला हात घेऊन हळूहळू उचलायचा. आपण जोर लावला की तो कमी लावायचा, आपण दमलो की तो वाढवायचा. तळहात मात्र मोकळा. आणि डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा. मृण्मयीनं तो पहिल्यांदा चढवला तेव्हा चंद्रप्पा म्हणाला होता, घाण्याच्या बैलाला बांधतात ती झापड मला बांधली की लेकी. तिला झापड म्हणजे काय ते सांगावं लागलं; गोल फिरून फिरून बैलाला घेरी येऊ नये म्हणून डोळे झाकायचे, त्याला वाटतं आपण सरळ रस्त्यानं चाललोय.

झापडीच्या आत एक वेगळीच खोली दिसायची. मेज, मेजावर पेले, समोर फळी. आपल्या हाताच्या जागी करडा, हातमोज्यासारखा एक हात. तो पेल्यापर्यंत न्यायचा, तळवा वर करायचा, पेला आपसूक तळव्यावर यायचा, मग तो सांडू न देता फळीपर्यंत. रोज चाळीस पेले.

चार दिवस काही जमलं नाही. पाचव्या दिवशी तळहाताला खालून आधार आल्यासारखा वाटला आणि बोटं जरा सैल झाली. पुढं रोज तसंच. विसाव्या पंचविसाव्या पेल्याला, हात थरथरायला लागला की खालून अलगद एक हात यायचा. चंद्रप्पाला बरं वाटायचं. चष्म्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण पोरगी मायेची आहे, असं त्याच्या मनात यायचं.

धुईच्या त्या दिवशी चष्मा काढल्यावर तो तिला म्हणाला, "लेकी, तू हात धरतीस म्हणून जमायलंय. पर तुझा हात लई खरबडीत हाय. घरी धुणंभांडं तूच करतीस काय?"

मृण्मयी खिडकीपाशी, संगणकासमोर बसलेली होती. खुर्चीपासून चार पावलांवर. तिनं आपले दोन्ही हात पाहिले.

"आजोबा, मी तुमच्या हाताला कधीच हात लावत नाही," ती म्हणाली. "लावायचा नसतो. माप चुकतं."

३

घरी आल्यावर चंद्रप्पा अंगणात बाजेवर बसून विचार करत राहिला. तो शिकलेला नव्हता, सही सुद्धा उमाशंकरनं शिकवली तेवढीच. पण डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट बाजूला काढायची त्याला सवय होती. घाणा कुरकुरायला लागला तर तो असाच शोध घ्यायचा. उखळात फिरणारी लाट का, बैलाचं जू का, उखळ का.

हात मेलेला आहे. मेलेल्या हाताला खोटं काहीही वाटू शकतं. दवाखान्यातले डॉक्टर तसं म्हणालेच होते. एक. डोळे झाकलेले असले की माणसाला अंगाला काय काय लागल्यासारखं होतं. दोन. आणि पोरगी लाजून नाही म्हणत असेल. तीन. पण तिसरं त्याला स्वतःलाच पटलं नाही. तिचे हात त्यानं पाहिले होते. मऊ, लेखणी धरणारे. खालून येणाऱ्या त्या हाताच्या बोटांच्या पेरांना घट्टे होते, जात्याच्या खुंट्यानं पडतात तसे.

तेवढ्यात कुंपणापलीकडून दानम्मा ताट परत न्यायला आली. ही शेजारीण सहा वर्षांमागं उदगीरहून इथं आली होती, पोरांसाठी मेस चालवायची, आणि घरी कुणी नसतं म्हणून दुपारचं ताट चंद्रप्पाला आणून द्यायची. ताटातली भाकरी तशीच पाहून ती रागावली. मामा, मेसची पोरं माझी भाजी बघून नाकं मुरडतात ते समजतं, ती म्हणाली, त्यांच्या आया दूर हायत. तुम्ही कुणावर रुसलात? चंद्रप्पा हसला.

गुरम्मा कशी गेली हे सगळ्या घराला पाठ होतं, कारण चंद्रप्पानं ते एकाच प्रकारे सांगितलं होतं. दगडमातीचं घर बसलं. तो बाहेर फेकला गेला, ती आत राहिली. उजाडल्यावर दगडांच्या फटीतून तिचा काकणं भरलेला हात दिसला. त्यानं आपला डावा हात फटीत घातला, तिनं खालून तो धरला. बराच वेळ दोघं तसेच होते. मग तिचा हात गार झाला आणि त्यानं आपला काढून घेतला. पुढं पाऊस लागला, माणसं कमी, मुडदे फार. आपल्यात बसवून पुरतात, डाव्या हातावर लिंग देऊन पुरतात, पण तेव्हा कुणाचं काय बघणार. सगळ्यांना एकत्र अग्नी दिला.

उमाशंकर हे ऐकून मोठा झाला होता. त्यानं कधी मधे प्रश्न विचारला नव्हता.

४

मृण्मयीनं मात्र प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज तो हात आला की नुसतं "आला" म्हणा, गेला की "गेला" म्हणा.

तिनं त्याच्या दंडावर आणि मनगटावर चिकटपट्ट्या लावल्या, स्नायू किती काम करतो ते कळायला. यंत्र किती उचलतं ते यंत्रच सांगायचं. चंद्रप्पा चष्म्याच्या आत पेले उचलत राहिला. खालून सरांची घरघर. यंत्राचा बारीक गुंगाट. बाविसाव्या पेल्याला तो म्हणाला, आला. एकतिसाव्याला म्हणाला, गेला. परत आला. परत गेला.

नंतर ती बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली. मग त्यालाच जवळ बोलावून दाखवलं. शाळा न शिकलेल्या माणसाला कळेल असं सांगायची तिची हातोटी होती. ही तांबडी रेघ यंत्राची, ही निळी तुमची. हाताला ठरलेलं वजन आहे, तेव्हा दोघांची बेरीज तेवढी भरायला हवी. तुम्ही "आला" म्हणता तिथं तांबडी खाली येते. निळी जागची हलत नाही. आणि हात तर वरच आहे.

चंद्रप्पाला ते तिच्या आधी कळलं. बैलाच्या खांद्यावरचं ओझं कमी झालं आणि लाट फिरतच राहिली, तर कुणीतरी मागून ढकलतंय.

मृण्मयी म्हणाली, यंत्रात बिघाड असणार. तिचा आवाज साधाच होता, पण तिनं उठून खोलीचं दार उघडं ठेवलं.

५

पुण्याहून इंजिनियर आला. त्यानं यंत्र उघडलं, पुसलं, लोखंडी हातात वाळूची पिशवी बांधून शंभर वेळा वरखाली केली. बेरीज शंभरही वेळा बरोबर आली. जाताना तो म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, पेशंट बदलून बघा.

मृण्मयीनं दोन पेशंट बदलून पाहिले. एक औशाचा ड्रायव्हर, एक मुदखेडची म्हातारी. बेरीज बरोबर.

चंद्रप्पाचा हात मात्र सुधारत होता, हे कुणालाही दिसलं असतं. मूठ आता निम्मी उघडी राहायची. घरी उमाशंकरनं अप्पाच्या तळहातावर चेंडू ठेवून पाहिला आणि तो क्षणभर टिकला, तेव्हा त्याचे डोळे भरले. त्या रात्री चंद्रप्पा अख्खी भाकरी जेवला.

पण चष्म्याच्या आतल्या खोलीत आता त्याचं लक्ष पेल्यांवर राहत नव्हतं. मेजावर त्या करड्या हाताची सावली पडायची. पेल्याची एक, हाताची एक. आधी कधी त्यानं सावलीकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं तर सावलीला अंगठे दोन. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. हात डोळ्यासमोर एकच; सावली दोन हातांची.

आणि पेला फळीवर टेकला की यंत्र क्षणभर गप्प व्हायचं, त्या शांततेत बारीक किणकिण यायची. काचेला काच लागावी तशी. तो स्वतःला म्हणाला, पेल्यांचीच असेल. मग मृण्मयीला विचारलं की ह्या खेळात आवाज असतात का. ती म्हणाली, आवाज घातलेलेच नाहीत, आजोबा.

त्याला भीती वाटली, पण ती पळून जायची भीती नव्हती. लपवलेली गोष्ट कुणीतरी शांतपणे समोर आणून ठेवावी आणि वाट बघत बसावं, तसं वाटलं.

६

शुक्रवारी मृण्मयीनं सांगितलं की आपण थांबू या. तिनं विद्यापीठाला कळवायचं ठरवलं होतं. ज्याचा हिशेब लागत नाही ते काम पुढं न्यायचं नाही, असं तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं.

चंद्रप्पानं उजव्या हातानं डाव्याची बोटं कुरवाळली. "हात उघडायलाय लेकी," तो म्हणाला. "अजून एक डाव घे. मग थांब."

आणि मग, ती काही विचारायच्या आधीच, त्यानं एकोणतीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं. गुरम्माचा हात गार झाला नव्हता. ऊबदार होता. ती बोलत होती, पोराला उदगीरहून आणा म्हणत होती. मग जमीन परत हलली. वरचा दगड कुरकुरला. ती म्हणाली, हात काढू नका. त्यानं काढला. दगड बसला. दोन हात लांब उभा राहून त्यानं धूळ खाली बसताना पाहिली.

खालच्या मजल्यावर सर काहीतरी सांगत होते आणि दोनशे पोरं एकदम हसली. मृण्मयी खुर्चीजवळ आली. तिनं पट्ट्या बांधल्या, नेहमीपेक्षा हळू, आणि चष्मा चढवला.

तो डाव लवकर झाला. हात पहिल्याच पेल्याला आला. सावलीत दोन अंगठे, किणकिण, आणि तळव्याखाली ते घट्टे, एकेक मोजता यावेत असे. चाळीस पेले सरसर फळीवर गेले. शेवटच्या पेल्यानंतर चित्र थांबलं, आणि मृण्मयी रोज म्हणायची तेच म्हणाली.

"झालं आजोबा. आता हात काढा."

चंद्रप्पा झापडीच्या आत बसून राहिला. "न्हाई काढत," तो म्हणाला. तो तिला म्हणाला नव्हता.

तिला वाटलं काहीतरी अडकलं. तिनं लाल बटण दाबलं. यंत्राचा गुंगाट मरून गेला. तिनं मनगटाची पट्टी सोडली, कोपराची सोडली. लोखंडी हात आपल्या वजनानं खाली खुर्चीच्या कडेला गेला. मग तिनं चष्मा काढला.

पांढरी खोली. ट्यूबचा उजेड. आणि चंद्रप्पाचा डावा हात हवेत, छातीच्या उंचीवर, तळवा वर, पाचही बोटं सरळ. तळव्यावर पाणी ठेवलं असतं तर हललं नसतं. चिकटपट्ट्या अजून तशाच होत्या आणि पडद्यावरची निळी रेघ शून्यावर आडवी पडलेली होती.

मृण्मयीनं मेजावरची फाइल उचलली. ती पुढं आली आणि तिनं फाइल हळूहळू, आडवी, त्याच्या तळहाताच्या खालून सरकवली. पलीकडे निघेल अशी. ती निम्म्यात थांबली. मृण्मयीनं जरा जोर दिला. कागदाची कड वाकली. तिनं फाइल मागं घेतली आणि पुन्हा ते केलं नाही.

"जड लागतंय का, आजोबा?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक की खालच्या घरघरीत बुडाला असता.

"न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. "हलकं हाय."

तिनं त्याला रिक्षापर्यंत पोचवलं. डाव्या बाजूनं नाही, उजव्या बाजूनं. शनिवारी ती नांदेडला गेली. वहीत तिनं लिहिलं ते इतकंच, की रुग्णाला तळहात सपाट धरता येतो. उमाशंकरला तिनं ते फोन करून सांगितलं, आणि उमाशंकरनं संध्याकाळी मोहल्ल्यात पेढे वाटले.

७

सोमवारी सकाळी पोरगा आणि सून बाहेर पडल्यावर चंद्रप्पानं अंघोळ केली. कपाळावर, दंडांवर भस्माची तीन बोटं ओढली. खोलीत सतरंजी टाकून त्यावर बसला. बाहेर ऊन स्वच्छ पडलं होतं, दारातून थेट आत येत होतं.

डावा हात मांडीवर मिटलेला होता. त्यानं कुणाला बोलावलं नाही. नुसता थांबला. थोड्या वेळानं हात उचलला गेला आणि उघडला.

त्यानं डबीतून लिंग काढून तळहातावर ठेवलं. भस्म लावलं. बेलाचं पान ठेवलं. नजर लिंगावरून काढायची नसते, ती त्यानं काढली नाही. पूर्वी त्या नेमाचा त्याला कधी आधार वाटला नव्हता, आज वाटला. हाताच्या खाली बघायची गरज नव्हती. पळीभर पाणी लिंगावर सोडलं; ते बोटांच्या फटींतून खाली गेलं. ते मांडीवर टपकायला हवं होतं. धोतर कोरडंच राहिलं. त्याला ते जाणवलं, आणि जाणवूनही नजर हलली नाही. तो मनातल्या मनात एकच गोष्ट सांगत राहिला, पुन्हा पुन्हा, जशी लहान लेकराला सांगतात. हितंच हाय मी. हितंच हाय.

दारात पावलं वाजली. दानम्मा ताट घेऊन आली होती. पूजा चाललेली पाहून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. त्यानं लिंग परत डबीत ठेवून डबी मिटेपर्यंत ती तशीच उभी होती. मग तो म्हणाला, ये बाई, आज पोटभर जेवणार हाय मी.

दानम्मा आत आली. ताट खाली ठेवताना तिनं त्याच्या डाव्या बाजूला पाहिलं आणि, एक बाई दुसऱ्या बाईकडे बघून हसते, तशी ओळख नसतानाही हसली. मग जरा ओशाळून पदर सावरत त्याला म्हणाली,

"मामा, पाहुणी आल्यात म्हणून सांगायचं तरी. ताट एकच आणलं की मी."